खरी नकल

रावपुरा ठाण्यातला पंखा एकाच बाजूला वारा देतो,
वाघेलासाहेबांच्या.
मी दुसऱ्या बाजूला. समोर वही,
निळ्या रेघांची, सरोजिनी हळब्यांची,
मुद्देमाल क्रमांक सात.
'बेन, आमां जे लख्युं छे ए गुजरातीमां करी आपो.'
पानाला साठ रुपये. आमची मराठी शाळा मिटल्यापासून
मी हेच करते : जन्मदाखले, कुंडल्या,
एकदा कुणाचं तरी प्रेमपत्र.
खून पहिल्यांदाच.

दूध दीड लिटर.
एकटीला दीड? साहेब विचारतात.
पुतण्या यायचा सकाळी चहाला, मी सांगते.
हे वहीत नाही, तरी ते लिहून घेतात.
गॅस. शिलाईमशीनचं तेल. लीलो चेवडो, हेमूसाठी.
दुकानाचं भाडं याही महिन्यात नाही.
हेमू म्हणतो विकून टाकू. सुरसागरासमोरची जागा,
काकू, तुम्ही सोन्यावर बसून भाजी निवडताय.

मग मृत्युपत्र आलं.
'मृत्यु-पत्र?' पेन थांबलं. 'एमने खबर हती?'
नाही हो. वसियतनामा. आमच्यात त्याला असंच म्हणतात.
अजब भाषा, ते म्हणाले,
आणि माझ्यासाठी चहा सांगितला.
निम्मं हेमंतला, निम्मं शैलजाला, भावनगरच्या.
शैलजा त्याची सख्खी बहीण.
नऊ वर्षांत ती एकदा आली, हा रोज.
जबाबात हेच आहे म्हणे त्याचं,
दुसरं काही धड नाही :
रोज जायचो साहेब, रोज, आणि तिला निम्मं.

गोळ्यांचा डबा क्रमांक तीन.
सात खण, वारांची नावं तिनंच मराठीत चिकटवलेली.
रवि, सोम, मंगळ रिकामे.
बुध ते शनि गांधीनगरला गेले, तपासणीला.
मांडवीतल्या औषधवाल्याचं बिल
स्कूटरच्या डिकीत सापडलं,
इतक्या साध्या जागी
की हवालदाराचीच मान खाली गेली.

शेवटचं पान. मंगळवार.
अक्षर नेहमीसारखंच, टीप घातल्यासारखं सरळ.
'परवा हेमूने डबा भरून दिला. गोळ्या पांढऱ्या आहेत,
आधी गुलाबी होत्या. विचारावं का?
राहू दे. वाईट वाटेल त्याला.'

वाईट वाटेल.
हे मला चाळीस वर्षं गुजरातीत येतं,
भाजीवालीशी, शेजारणीशी, वर्गातल्या पोरांच्या आयांशी
हजारदा बोलले असेन : खोटुं लागशे.
कधी अडले नव्हते.
आज लिहिलं आणि ते मराठी कानाने वाचलं गेलं.
खोटं लागेल. कुणाला? काय?
पाण्याचा पेला हातात घेऊन ती
किती वेळ उभी होती, हे कुठल्या रकान्यात घालायचं?
'लखो ने, बेन.'
लिहिलं. एने खोटुं लागशे.
साहेबांनी दोनदा वाचलं. काही बोलले नाहीत.
उठले, आणि पंखा माझ्याकडे वळवला.

शिपाई शाई घेऊन आला, शिक्का घेऊन आला.
खरी नकल. म्हणजे मुळाबरहुकूम.
मी सही केली, तारीख घातली.
पैसे दोनच पानांचे मिळाले,
दूध-गॅसची पानं त्यांनी धरली नाहीत.

बाहेर बाकावर हेमंतची आई.
चौथीत तो माझ्या वर्गात होता,
शुद्धलेखनात एकही चूक नसायची.
तिने पदर सावरला, उभी राहिली.
बाई, वहीत काय आहे हो?
काही नाही, मी म्हटलं, जमाखर्च.
दूध वगैरे.